खंडेनवमीला ओढलेली रेघ

परवा नात बेळ्ळंदूरच्या ऑफिसातून आली ती तोंड पाडूनच. सुनेने विचारलं तेव्हा म्हणाली, बिल्ड सारखा फेल होतोय, चूक कोणाला सापडत नाही, आणि शेवटचा बदल माझा होता म्हणून सगळे माझ्याकडे बघतात. सून म्हणाली, असेल काहीतरी, आधी जेवून घे. मी सारभात कालवत बसले होते. चारचौघांत बोलायची मला पहिल्यापासून सवय नाही. पण तिचं दुखणं त्या घरात सगळ्यांत जास्त मला कळलं होतं. शेवटचा हात ज्याचा, चूक त्याची, हे मी तिच्या जन्माच्या कितीतरी आधी पाहिलेलं आहे. ते लिहून ठेवावं असं वाटलं. वही माझ्या पेटीतच राहणार, त्यामुळे लिहिताना लाजायचं कारण नाही.

मी चौथी पास. चिकपेटात आमच्या लोकांची मराठी शाळा होती, तिथे शिकले. आमच्या घराण्याला बेंगळूरात इतक्या पिढ्या झाल्या की पुण्याकडचे पाहुणे आमची मराठी ऐकून हसतात. 'थोडं'साठी 'स्वल्प' आणि 'बरं'साठी 'सरी' हे शब्द कानडी आहेत हे आम्हाला मुद्दाम आठवावं लागतं. माझे यजमान एका सरकारी विज्ञानसंस्थेच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते. ते अचानक गेले आणि संस्थेने मला कामावर घेतलं. पन्नासच्या दशकाची अखेर होती ती. तेव्हा तिथे हिशेबाची खोली होती. विमानाच्या पंखावर वारा किती दाब देतो असले हिशेब बायका हाताने फिरवायच्या यंत्रांवर करायच्या. दिवसभर करकर चाललेली असे. मी यंत्रं पुसायची, तेल द्यायची, कागद लावून ठेवायची.

पुढे साठ सालानंतर काही वर्षांनी संस्थेत कंप्युटर आला. त्याला काचेची थंड खोली मिळाली आणि शेजारी पंचिंगची खोली झाली. हिशेबाच्या खोलीतल्या सगळ्यांत जुन्या राजम्मा या खोलीच्या मुख्य झाल्या. त्या म्हैसूरकडच्या, उंच, करारी बाई. कोणाला कोणतं काम द्यायचं ते त्याच ठरवत. मला त्यांनी कार्डं सांभाळायला घेतलं. का, असं कोणीतरी विचारलं, तर कानडीत म्हणाल्या, "हिचे हात बडबड करत नाहीत." इतकी मोठी शाबासकी मला पुन्हा कधी मिळाली नाही.

आता कार्डं म्हणजे काय ते सांगते, कारण आजच्या मुलींनी ती पाहिलेली नाहीत. जाड कागदाचं, पोस्टकार्डापेक्षा लांब असं एक कार्ड. एका कार्डावर प्रोग्रॅमची एक ओळ. ती शाईने लिहायची नाही, भोकं पाडून लिहायची. आकड्याला एक भोक, अक्षराला दोन. आमची पंचयंत्रं जुनी होती, ती भोकांच्या वर अक्षर छापत नसत, त्यामुळे कार्डावर काय आहे ते नुसतं पाहून कोणाला कळत नसे. मी खिडकीच्या उजेडात धरून वाचायला शिकले. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण इंग्रजीची भोकं वाचता येत होती.

कार्डांचा गठ्ठा हातातून पडला तर सत्यानाश. म्हणून प्रत्येक कार्डाच्या शेवटी त्याचा क्रमांक असे. दहा, वीस, तीस असे मोकळे क्रमांक द्यायचे, म्हणजे मध्ये नवी ओळ घालायची झाली तर एकवीस, बावीस देता येतात. गठ्ठा विस्कटला की सॉर्टर नावाच्या यंत्रात टाकायचा. सॉर्टर एका वेळी कार्डाच्या एकाच घराकडे, म्हणजे एका आकड्याच्या जागेकडे, बघतो. तिथे एकचं भोक दिसलं की कार्ड एकच्या खणात, दोनचं दिसलं की दोनच्या खणात. असं एकेका घरासाठी फिरवलं की सगळा गठ्ठा ओळीत येतो. शेवटी गठ्ठ्याच्या वरच्या कडेवर मी जांभळ्या शाईची एक तिरकी रेघ ओढायची, या टोकापासून त्या टोकापर्यंत. एखादं कार्ड इकडचं तिकडे झालं तर रेघ तुटलेली दिसते. ते समजायला शिक्षण लागत नाही.

गिऱ्हाइकं एकेक नमुन्याची. एक प्रोफेसर पावसाळ्यात कार्डं ओल्या पंच्यात बांधून घेऊन आले. ती अशी फुगली होती की यंत्राने तोंडात घेतली नाहीत. दुसरे एक शास्त्रज्ञ होते, त्यांच्या डब्यात कार्डं मावेनात, तर त्यांनी घरी बसून कात्रीने सगळ्यांची टोकं कापली. टोकांवर नुसते आकडेच होते, म्हणाले. राजम्मांनी तो गठ्ठा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाल्या, "सर, शेपूट कापलं तरी बैल चालतो. पण माशा कशाने हाकणार?" ते सर हसले आणि नवी कार्डं पंच होईपर्यंत रोज येऊन बाहेरच्या बाकावर बसू लागले.

तर मुख्य गोष्ट. कंप्युटरात एक प्रोग्रॅम असा असतो की तो स्वतः कोणाचा हिशेब करत नाही, बाकीच्या प्रोग्रॅमांवर नजर ठेवतो. लग्नाच्या पंगतीत एक माणूस काही वाढत नाही, पण कुठल्या रांगेत भात गेला, कुठे आमटी राहिली हे तोच बघतो. त्याच्यावाचून वाढपी एकमेकांवर आदळतात. या प्रोग्रॅमला आमच्याकडे मॉनिटर म्हणत. परदेशी कंपनीने मॉनिटरची मूळ कार्डं पाठवली होती, पण आमचा छपाईचा प्रिंटर वेगळ्या जातीचा. म्हणून मूळ कार्डांत बदल घालून मॉनिटर इथेच नव्याने तयार करायचा होता. कार्डं यंत्राला वाचायला द्यायची, ते ती आपल्या भाषेत उतरवून घेतं आणि त्यातून चालणारा मॉनिटर बाहेर पडतो. आज नात ज्याला बिल्ड म्हणते ते हेच.

ते बदल पै नावाच्या इंजिनियरने लिहिले. प्रोग्रॅमच्या ओळी लिहायचे छापील तक्ते परदेशातून येत आणि सहज मिळत नसत, म्हणून आमच्या खोलीत एक रिवाज होता: पेन्सिलने लिहायचं, पंच झालं की खोडून तोच तक्ता पुन्हा वापरायचा. पैंचे तक्ते फिलोमिनाने पंच केले. ही मंगळूरची मुलगी, नुकतीच तात्पुरत्या जागेवर लागलेली. ती घरी कोकणी बोलायची, मी मराठी, त्यामुळे आमचं दोघींचं चांगलं जुळलं. मला यमुनाबाय म्हणायची. महिनाअखेरीला तिची नोकरी कायम होणार होती. नाही झाली तर मंगळूरला परत जायचं आणि बापाने पाहून ठेवलेल्या एका बेकरीवाल्याशी लग्न करायचं, असं घरी ठरलेलं होतं. बेकरीवाल्याची पहिली बायको वारली होती आणि मोठी मुलगी फिलोमिनाच्याच वयाची होती. ती हे हसत सांगायची, पण सांगून झालं की यंत्राकडे तोंड करून भराभर पंच करायला लागायची.

पैंनी नवी कार्डं स्वतःच्या हाताने मूळ कार्डांत घातली, कपाटातला कार्डांचा खण बंद केला आणि ते ट्रेनिंगसाठी परदेशी गेले. मग दसरा आला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आपली खंडेनवमी. बेंगळूरात तिला आयुधपूजा म्हणतात. त्या दिवशी सुतार करवत पुजतो, बसवाला बसला केळीचे खुंट बांधतो. आम्ही यंत्रं पुजायचो. सकाळी सगळे खण रिकामे करून पुसायचे, कार्डं सॉर्टरमधून फिरवून नीट करायची, नव्या रेघा ओढायच्या. मग सगळ्या यंत्रांना गंधफूल, दारात कुंकू भरलेला कोहळा फोडायचा आणि सगळ्यांना कडलेपुरी, म्हणजे चुरमुरे आणि डाळं, वाटायची. वर्षातून एकदा सॉर्टरवर राजम्मा स्वतः बसायच्या. तो त्यांचा मान होता. मी पुसायची आणि रेघा ओढायची. त्या वर्षीही तेच केलं.

सुट्टी संपली आणि मॉनिटर तयार करायला घेतला. यंत्राने सगळी कार्डं वाचली, तक्रार केली नाही. मॉनिटर तयारही झाला. पण सुरू करायला गेलं की थोडं चालून यंत्र बंद पडे. पुन्हा केलं, पुन्हा तेच. एकदा करायला निम्मा दिवस जायचा आणि तोपर्यंत बाकी सगळ्यांची कामं बाहेर खोळंबायची.

हे काम रंगनाथ सरांकडे होतं. शांत, हुशार माणूस, मला सॉर्टर त्यांनीच समजावून दिला होता. त्यांनी आधी पैंची कार्डं वगळून मॉनिटर केला. तो चालला. मग निम्मी कार्डं घालून केला. तोही चालला. उरलेली घातली की बंद. मग त्या उरलेल्यांतली निम्मी. असं करत करत प्रिंटरच्या कार्डांपर्यंत येऊन पोचले. खण काढून द्यायचा, परत नेऊन ठेवायचा, हे काम माझं. त्यांची पद्धत बघून मला फार बरं वाटायचं. डाळ निवडावी तसं चाललं होतं.

पण तिथून पुढे वाट दिसेना. प्रिंटरच्या कार्डांचा छापील कागद काढला तर त्यातल्या ओळींचा अर्थ लागेना. लिहिणारे पै परदेशी. तक्ते खोडलेले, त्यांवर दुसऱ्याचा प्रोग्रॅम लिहिलेला. तेव्हा रुंद कागदही मिळत नव्हता, आम्ही अरुंद कागदावर भागवत होतो, त्यामुळे ओळीच्या शेवटचे क्रमांक छापलेच जात नसत. सरांनी मग सरळ हिशेब केला. पैंचं काम पक्कं असतं. यंत्र ठीक आहे. म्हणजे पंचिंग चुकलंय. त्यांनी तसं कोणावर ओरडून सांगितलं नाही, पण वरच्या साहेबांना सांगावं लागलंच. दुपारी राजम्मांना निरोप आला की फिलोमिनाला महिनाअखेरीपर्यंतच ठेवायचं.

फिलोमिना रडली नाही. एवढंच म्हणाली की, "यमुनाबाय, चूक असेल तर म्हाका दाखवा. नाही तर मी काय कबूल करू?"

तिच्याकडे दाखवायलाही काही नव्हतं. ज्या तक्त्यावरून पंच केलं तो तिनेच रिवाजाप्रमाणे खोडून ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी मी खण घेऊन काचेच्या खोलीत उभी होते. रंगनाथ सर एका शिकाऊ इंजिनियरला समजावत होते. तो म्हणाला, कार्डं मागेपुढे झाली असतील. सर म्हणाले, ते मी पहिल्यांदा बघितलं. रेघ बघ. या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ आहे. क्रम हललेला नाही.

माझ्या हातातला खण जड झाला. ती रेघ पैंनी कार्डं घातल्यानंतरची होती हे खरं. पण ती सॉर्टरच्याही नंतरची होती. कार्डं कशीही लागली असती तरी रेघ सरळच आली असती, कारण ती मी त्यानंतर ओढली होती. सरांना वाटत होतं ती साक्ष आहे, आणि ती तर नुसती सजावट होती. आम्ही गठ्ठे सॉर्टरमधून फिरवले हे सरांना कोणी सांगितलंच नव्हतं. लपवलं होतं असं नाही. केर काढला हे कोणी जाऊन सांगतं का?

पण मी तिथे बोलले नाही. कारण सॉर्टरवर राजम्मा होत्या. तोंड उघडलं की बोट त्यांच्याकडे जाणार. मी खण ठेवला आणि पंचिंगच्या खोलीत येऊन त्यांना हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या की क्रमांकाप्रमाणे लावलेली कार्डं क्रमांकाप्रमाणेच लागतात, सॉर्टर चुकत नाही, आणि पूजेच्या कामात खोट काढायला तू कधीपासून लागलीस? त्यांचं बरोबर होतं. सॉर्टर चुकत नव्हता. मी जाऊन कार्डं पुसत बसले. समोर फिलोमिना आपल्या यंत्रावर कोणाचं तरी काम पंच करत होती, महिना संपेपर्यंतचं.

त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी ठरवलं की चूक कुठे आहे ते मला माहीत नसलं तरी रेघ खोटी आहे हे मला पक्कं माहीत आहे. माहीत आहे तेवढं सांगायला काय हरकत आहे? बाकीचं ज्यांना कळतं ते बघतील.

सकाळी सर आल्या आल्या मी काचेच्या खोलीत गेले. साहेब लोकांशी मी तोवर 'हो सर' आणि 'आणते सर' याहून जास्त बोलले नव्हते.

"सर, ती रेघ जुनी नाही," मी म्हटलं. "खंडेनवमीला मी ओढली. तिच्यावर भरवसा ठेवू नका."

सरांनी मान वर केली. खंडेनवमीला का, म्हणून विचारलं. तेवढ्यात मागून राजम्मांचा आवाज आला. त्या कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या मला कळलं नाही.

"कारण त्याच्या आधी गठ्ठा मी सॉर्टरवर फिरवला," त्या म्हणाल्या. "दर वर्षी फिरवते. पण क्रमांकांनीच लावलाय सर. त्यात कसली चूक होणार?"

सर विचारात पडले. म्हणाले, क्रमांक बरोबर असतील तर काहीच होणार नाही. मग त्यांनी फिलोमिनाला बोलावलं आणि पैंनी क्रमांक कसे दिले होते ते विचारलं. ती बिचारी दारातच उभी राहिली. म्हणाली, वीस आणि तीस यांच्या मध्ये पै सरांना नऊपेक्षा जास्त ओळी घालायच्या होत्या. एकोणतीसनंतर क्रमांक उरले नाहीत. म्हणून त्यांनी पुढे अक्षरं द्यायला सांगितली. दोन ए, दोन बी, दोन सी.

सरांनी कपाळावर हात मारला आणि हसायलाच लागले.

मी वर लिहिलं आहे की आकड्याला एक भोक आणि अक्षराला दोन. सॉर्टर खालून बघत येतो आणि पहिलं भोक दिसलं की तिथेच निकाल देतो, वरचं दुसरं भोक तो बघतच नाही. ए चं खालचं भोक एकच्या जागी असतं. बी चं दोनच्या. म्हणजे सॉर्टरच्या डोळ्याला ए आणि एक सारखेच. एकवीसच्या मागे दोन ए जाऊन बसलं, बावीसच्या मागे दोन बी. शेवटी यायच्या ओळी मध्ये मध्ये घुसल्या. एकही कार्ड हरवलं नाही, एकही भोक चुकलं नाही, आणि सगळं बिघडलं. फिलोमिनाला सॉर्टर माहीत नव्हता. राजम्मांना क्रमांकांतली अक्षरं माहीत नव्हती. पैंना पूजा माहीत होती, पण ती म्हणजे कडलेपुरी एवढीच.

फिलोमिना आणि मी खिडकीपाशी बसलो. ती कार्ड उजेडात धरायची, मी शेवटची भोकं वाचायची, आकडे इकडे, अक्षरं तिकडे. सर स्वतः गठ्ठा घेऊन कार्डं वाचणाऱ्या रीडरपाशी गेले. दुपारी मॉनिटर तयार झाला आणि आपल्या प्रिंटरवर त्याने पहिला कागद सोडला. त्यावर काय छापलं होतं ते मला वाचता आलं नाही, पण कागद न थांबता येत राहिला, तेवढं पुरे होतं. सर लगेच वरच्या साहेबांकडे गेले. परत आले तेव्हा फिलोमिनाला म्हणाले, की मी तुमच्याबद्दल जे सांगितलं होतं ते परत घेऊन आलो आहे. महिनाअखेरीला ती कायम झाली. बेकरीवाल्याला तिच्या बापाने काय कळवलं कोण जाणे. नाताळात तो मात्र तिच्या हॉस्टेलवर केक पाठवून मोकळा झाला, आणि तो आम्ही सगळ्यांनी खाल्ला.

एक गोष्ट मनाला लागून राहिली. राजम्मा त्यानंतर सॉर्टरवर बसल्या नाहीत. कोणी त्यांना दोष दिला नव्हता, सरांनी तर चूक निम्मी पैंची आणि निम्मी सुट्टीची आहे असं सांगून टाकलं होतं. माझ्याशीही त्या पूर्वीसारख्याच वागल्या. पण त्या यंत्राजवळून जाताना साडीचा पदर आवरून घ्यायच्या, जसं काही ते कोणा परक्याचं आहे. त्यांचा एवढा एक मान होता.

नातीला मी सकाळी तिच्या खोलीत जाऊन विचारलं. म्हटलं, शेवटचा हात तुझा असू दे, पण तुझ्यानंतर कोणी आवराआवर केली होती का, नुसती नीटनेटकी, सांगण्यासारखी नाही अशी? ती चप्पल घालता घालता थांबली. मग फोन काढून जिना उतरता उतरताच कोणाशी तरी बोलायला लागली.

तेव्हा संस्थेत पुढच्या वर्षीच्या खंडेनवमीला राजम्मांनी गंधाची वाटी फिलोमिनाच्या हातात दिली आणि सॉर्टरसमोरची खुर्ची ओढून तिला बसवलं. ती म्हणाली की मी चर्चला जाणारी, मी पूजा कशी करू? राजम्मा म्हणाल्या, यंत्राला विचार, त्याची हरकत नसली तर माझीही नाही. फिलोमिना बसली. बसल्याबरोबर तिने खोलीभर मोठ्याने विचारलं की कोणाच्या गठ्ठ्यात अक्षरं आहेत का, असतील तर आत्ताच सांगा. रंगनाथ सरांसकट सगळे आपापले गठ्ठे पुन्हा तपासायला लागले. कार्डं लागून झाली तेव्हा मी शाई पुढे केली, तर तिने दौत माझ्या हातातून घेतली. प्रत्येक गठ्ठ्यावर तिने या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ ओढली, आणि ती नवी आहे हे कोणालाही कळावं म्हणून प्रत्येक रेघेशेजारी एक टिंब दिलं.